हळदीचे दूध : उपयोग आणि मर्यादा

मुठा नदीच्या काठी वसलेली शनिवार पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एक होय. पेशवेकाळात उभारलेले ओंकारेश्वराचे मंदिर याच पेठेत आहे. येथील पुष्कळ वाड्यांच्या जागी आता सदनिकांच्या इमारती आल्या आहेत आणि चुलीची जागा गॅसच्या शेगडीने घेतली आहे. परंतु मार्गशीर्ष-पौषात गारठा वाढला आणि घरात कोणाला शिंका येऊ लागल्या की, रात्री निजण्यापूर्वी हळदीचे दूध देण्याची रीत टिकून आहे. ही रीत अर्थातच एका पेठेपुरती नाही. ती महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. म्हणूनच तिचा उपयोग किती आणि तिच्यावर विसंबणे कोठे थांबवावे, हे प्रत्येक घराला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कृती

एका प्रौढ व्यक्तीसाठी कपभर, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर दूध पातेल्यात घ्यावे. त्यात पाव चहाचा चमचा हळद, ठेचलेले दोन मिरे आणि चिमूटभर सुंठ घालावी. मंद आचेवर ढवळत राहून चार-पाच मिनिटे उकळावे व गाळून घ्यावे. गूळ घालावयाचा झाल्यास पातेले खाली उतरवल्यानंतरच घालावा. उकळत्या दुधात गूळ घातल्यास दूध नासण्याचा संभव असतो. सोसेल इतके कोमट झाल्यावर घोट घोट प्यावे. शाळकरी मुलास याच्या निम्मे पुरे. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी हेच जिन्नस पाण्यात उकळून घ्यावेत. घसा दुखत असल्यास कोमट पाण्यात मीठ व चिमूटभर हळद घालून गुळण्या केल्यानेही आराम पडतो.

एक वर्षाखालील बालकास मात्र हे दूध देऊ नये. त्याला मध चाटवणेही धोक्याचे आहे. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध हाच त्याचा आहार होय.

आराम कशाने पडतो?

सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते व बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप बरे होते. जंतुनाशक प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. म्हणून साध्या पडशासाठी त्या गोळ्या घेणे व्यर्थच नव्हे, तर अपायकारक ठरते. गरम पेयाने घशाची खवखव शमते, कफ सैल होतो आणि शरीराला आवश्यक ते पाणी मिळते. हळदीतील पिवळे द्रव्य, कुर्क्युमिन, पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते; या दृष्टीने दुधाची योजना योग्यच आहे. मिऱ्यातील पायपेरीनमुळे कुर्क्युमिन रक्तात अधिक प्रमाणात उतरते, असे बंगळूर येथे झालेल्या व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. तथापि त्या प्रयोगात २ ग्रॅम कुर्क्युमिन दिले होते. पाव चमचा हळदीत ते काही मिलिग्रॅमच असते. म्हणून हळदीचे दूध आराम देते असे म्हणावे; ते रोग घालवते असे म्हणू नये.

हळदीची पारख

सांगलीची हळद प्रसिद्ध असून तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळद कोठलीही असो, ती शुद्ध असली पाहिजे. अधिक पिवळी दिसावी म्हणून तीत शिशाचा अंश असलेला लेड क्रोमेट हा रंग मिसळल्याचे प्रकार आढळले आहेत. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. यास्तव सुटी, भडक रंगाची पूड टाळावी. अॅगमार्क चिन्हाची बंद पुडी घ्यावी, अथवा रंग न चढवलेली हळकुंडे आणून डंकावर दळून घ्यावीत. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी हळदीच्या दुधाचा नित्य वापर करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दवाखाना केव्हा गाठावा?

साध्या पडशाआड न्यूमोनिया लपलेला असू शकतो. त्यासाठी मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील अर्भकाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरल्यास विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, मूल दूध पिईनासे होणे किंवा निपचित पडणे ही गंभीर लक्षणे होत. अशा वेळी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. प्रौढांचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी.

शिक्षकांना पालकसभेत आणि पंचायत सदस्यांना ग्रामसभेत श्वास मोजण्याची ही रीत आशा कार्यकर्तीच्या साह्याने दाखवून देता येईल. त्यास घड्याळाखेरीज कोणतेही साधन लागत नाही. कपभर दूध उकळण्यास जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात मुलाचे श्वास मोजून होतात. घरोघरी दूध शेगडीवर ठेवण्यापूर्वी ते मोजले गेले, तर ही जुनी रीत अधिक सुरक्षित होईल.