मानसोपचारकाचा खाजगी व्यवसाय : वडगावहून पाहताना

मानसशास्त्र विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी हमखास विचारले जाते, "मग आता आमच्या मनातलं ओळखणार का?" तिसऱ्या वर्षी प्रश्न बदलतो : "याचा पुढे उपयोग काय?" पहिल्या प्रश्नावर हसून वेळ मारून नेता येते. दुसरा मला घरी रोज ऐकावा लागतो. बी. एड. करून शाळेत लागावे, असे वडिलांचे मत आहे. वडगावातच मानसोपचाराचा स्वतंत्र व्यवसाय करावा, असे माझ्या मनात आहे. हे कितपत शक्य आहे, हे पाहण्यासाठी गेले वर्षभर जे वाचले व विचारले, ते येथे मांडीत आहे.

आरंभी एक घोटाळा दूर केला पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषधे देण्याचा अधिकार त्याचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आपल्या कलाशाखेतून जाऊ शकतो; तो चाचण्या घेतो, बोलण्याच्या मार्गाने उपचार करतो, औषध देत नाही. समुपदेशक हा तिसरा. आपल्याकडे या तिघांनाही लोक 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणतात, त्यामुळे फरक सांगण्याची वेळच सहसा येत नाही.

कायद्याने मात्र फरक केला आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाप्रमाणे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे नाव परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात त्याची व्याख्या आहे. परिषदेने मान्य केलेली चिकित्सा मानसशास्त्रातील पात्रता, किंवा एम. ए. नंतर देखरेखीखालील प्रत्यक्ष कामासह दोन वर्षांचा पूर्णवेळ मान्यताप्राप्त एम. फिल., असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. बंगलोरची निमहान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था ही या शिक्षणाची जुनी ठिकाणे. पुण्यातही ससूनच्या आवारातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. दरम्यान विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम. फिल. ही पदवीच बंद केली. या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. तेव्हा आमच्यामागून येणाऱ्यांनी कोणत्याही अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी त्याला परिषदेची मान्यता आहे की नाही, हे स्वतः पाहावे. जाहिरातीतील 'मान्यताप्राप्त' या शब्दावर विसंबू नये.

पूर्वी हे इतके कडक नव्हते. अल्बर्ट एलिस यांनी १९४३ साली एम. ए. होताच न्यूयॉर्कमध्ये अर्धवेळ खाजगी व्यवसाय सुरू केला. तेव्हा तेथे मानसशास्त्रज्ञाला परवान्याची अटच नव्हती. पीएच. डी. त्यांना पुढे १९४७ मध्ये मिळाली आणि विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांनी १९५५ मध्ये मांडली. हीच पद्धती किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून आत्मसात केली व आपल्याकडे रुजविली. टपालाने एवढी विद्या आणता येते, हे वाचून मला फार धीर आला.

फ्रॉइडची हकिगत तर घरी वाचून दाखवावी अशी आहे. त्याला प्रयोगशाळेत संशोधन करावयाचे होते. लग्न ठरले आणि प्रयोगशाळेच्या प्राप्तीत संसार होणे अशक्य दिसले. १८८२ मध्ये त्याचे गुरू ब्र्यूके यांनीच त्याला हा नाद सोडण्याचा सल्ला दिला. मग सुमारे तीन वर्षे व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात उमेदवारी, काही महिने पॅरिसला शार्को यांच्याकडे अभ्यास, आणि एप्रिल १८८६ मध्ये स्वतःचा दवाखाना. सप्टेंबरात लग्न. म्हणजे ज्या खोलीतून पुढे मनोविश्लेषण जन्माला आले, ती खोली पोटापाण्यासाठी उघडली होती. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना हे आवडणार नाही, पण खरे आहे.

आपल्या प्रदेशात मात्र नाव घ्यावीत अशी कामे एकट्याच्या दवाखान्यापेक्षा संस्थेतून उभी राहिली आहेत. पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचटांसह १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्य संस्था काढली. एका छपराखाली मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि स्वयंसेवक, अशी तिची घडण. नवख्याने पहिली काही वर्षे अशाच ठिकाणी घालवावीत, असे माझे मत झाले आहे. कारण या धंद्यात चूक दिसत नाही. सुताराचे दार बसले नाही तर लगेच कळते. येथे माणूस पुन्हा येत नाही, एवढेच. तो का आला नाही, हे विचारणारा कोणी ज्येष्ठ आपल्या डोक्यावर हवा.

आता वडगावचा विचार. तालुक्याचे गाव, कचेरी, न्यायालय, पुणे-लोणावळा लोकलचे स्टेशन, त्यामुळे आसपासच्या खेड्यांची ये-जा आहे. अडचण वेगळीच आहे. शहरात खाजगी व्यवसाय म्हणजे खोली, दोन खुर्च्या आणि पाटी. येथे ती पाटी पेठेत लावली, की जिना चढणारी सून कोणाची हे खालच्या किराणा दुकानात चहा संपायच्या आत कळणार. शिवाय येणाऱ्यांपैकी निम्मे माझ्या नात्यातले नाहीतर वडिलांच्या ओळखीचे. नातलगावर उपचार करू नयेत, हा नियम पुस्तकात एका ओळीत येतो. मावळात तो पाळायचा तर अर्धा तालुका वगळावा लागेल!

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम १९२४ पासून आहे. दमा किंवा पाठदुखी घेऊन योगाला जाताना कोणी तोंड लपवीत नाही. शरीराच्या दाराने आत गेलेला माणूस मनाचेही सांगतो. तेव्हा स्वतंत्र पाटी न लावता एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसावे, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

भाषेचाही प्रश्न आहे. पुढचे बहुतेक शिक्षण इंग्रजीत होईल. आमच्याकडे मात्र 'नैराश्य' कोणी म्हणत नाही. 'जीव लागत नाही', 'डोकं भणभणतं', 'काळजात धस्स होतं' असे म्हणतात, आणि या तीन तक्रारी एक नव्हेत. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बांधली, ती याच जाणिवेने. शब्द नुसते बदलून काम भागत नाही.

शेवटी पैसा, कारण वडिलांचा मुद्दा तोच आहे. पुढील आकडे केवळ अंदाजाचे. दिवसाला चार माणसे, प्रत्येकी पाऊण तास, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे महिन्याला ऐंशी बैठका. शुल्क ५०० रुपये धरले तर ४०,००० होतात. पावसाळ्यात, भातलावणीत, लग्नसराईत चौथा हिस्सा येणार नाही असे धरू, उरले ३०,०००. त्यातून भाडे आणि ज्येष्ठांच्या मार्गदर्शनाचा खर्च जाणार. आणि ५०० रुपये म्हणजे शेतावरच्या मजुराची दिवसाची कमाई. ती त्याने बोलण्यासाठी का द्यावी, याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही. म्हणून आठवड्याचा एक दिवस बिनशुल्क ठेवावा लागेल, आणि हिशोब आणखी खाली येईल. २०२२ मध्ये सुरू झालेली शासनाची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा फुकट आहे. तो क्रमांक मी भिंतीवर लावणारच, कारण रात्री दोन वाजता कोणाला गरज पडली तर माझी खोली बंद असेल.

हा हिशोब मी घरी दाखविला. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि भाड्याचा आकडा कमी धरला आहेस, एवढेच म्हणाले. बी. एड. चा अर्ज अजून टेबलावर आहे, एम. ए. चा मी भरून ठेवला आहे.