पन्नाशीनंतरचा थकवा आणि ताट : काय करावे, काय टाळावे

निफाड तालुक्यात पंचावन्न-साठीचा माणूस दमायला लागला की घरात दोन गोष्टी होतात. ‘आता वय झालं’ असं म्हटलं जातं आणि त्याचं जेवण हलकं केलं जातं. दोन भाकरींची एक होते, उसळ ‘बाधते’ म्हणून बंद होते, रात्री नुसता दूधभात. चहा तेवढा पूर्वीइतकाच राहतो. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातच डाळ-उसळ तोडली आणि अंगमेहनतही सुटली, की पोट सुटलेलं आणि मांड्या बारीक अशी अवस्था येते. थोडी ताकद वयाने जाणारच. पण बरीचशी ताकद ताटामुळे, झोपेमुळे आणि न तपासलेल्या आजारामुळे जाते, आणि ती परत मिळवता येते.

काय करावे

• ताटातली प्रथिनं एकदा तरी मोजावीत. भारतीय शिफारस वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधारण ५८ ग्रॅम. उतारवयात १ ते १.२ ग्रॅम असावीत असं अनेक तज्ज्ञ सांगतात. आता आपल्याकडचं नेहमीचं ताट बघा. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन बाजरीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी, रात्री पोळी, पातळ आमटी, भात. हे सगळं मिळून पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या पुढे जात नाही. त्यात वाटीभर मटकीची उसळ, मूठभर भाजके शेंगदाणे आणि पेलाभर दूध आलं की वीस-बावीस ग्रॅम वाढतात. अंडी खाणाऱ्याला दोन अंड्यांत बारा ग्रॅम मिळतात. खर्च फारसा नाही, फक्त रोज आठवणीने वाढायला हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

• प्रथिनं तिन्ही वेळेला विभागावीत. सकाळ चहा-खारीवर काढून रात्री एकदम मटण खाल्ल्याने दिवसभराची उणीव भरून निघत नाही. न्याहरीला मुगाचं धिरडं, थालीपीठ-दही किंवा उकडलेली अंडी असावीत.

• पोळी खावी, पण डाळीच्या जोडीने. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्राने तपोवन, नेत्रावती असे गव्हाचे चांगले वाण दिले आणि घराघरांत पोळी वाढली, भाकरी मागे पडली. गव्हात प्रथिनं असतात, पण त्यांच्यातला एक महत्त्वाचा घटक कमी पडतो, तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. दाट वरण, हुलग्याचे शेंगोळे, पिठलं, मेथीच्या भाजीत मूगडाळ ही आपली जुनीच जोडी आहे. बाजरीची भाकरीही आठवड्यातून चार-पाच दिवस तरी असावी.

• दात बसवून घ्यावेत. हे कुणी आहाराच्या यादीत धरत नाही, आणि मला ते सर्वांत वरच्या गोष्टींपैकी एक वाटतं. दाढा पडल्या की माणूस गुपचूप शेंगदाणे, उसळ, मटण, काकडी सोडतो आणि दुधात कुस्करलेल्या भाकरीवर येतो. घरच्यांना वाटतं भूक कमी झाली. कवळी होईपर्यंत शेंगदाण्याचं कूट, मऊ शिजवलेले शेंगोळे, मुगाचं कढण, दही, पनीर द्यावं.

• माळकरी आणि शाकाहारी पुरुषांनी ब१२ तपासून घ्यावं. हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतून मिळत नाही, दूध-दह्यातून थोडं मिळतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते कमी होतं. पायांना मुंग्या येणं, जीभ हुळहुळणं, चालताना तोल जाणं ही त्याची चिन्हं. गोळ्या-इंजेक्शनने ही कमतरता भरून निघते, पण फार उशीर झाला तर नसांचं नुकसान तसंच राहतं. माळ न सोडता हे सगळं नीट होतं.

• थकव्याचं कारण शोधायला रक्ततपासणी करावी: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन, ब१२, ड जीवनसत्त्व. तिशीपुढच्यांची रक्तदाब आणि साखर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर नुसती लोहाची गोळी घेऊन थांबू नये. रक्त कुठून जातंय हे डॉक्टरांकडून शोधून घ्यावं. मूळव्याध असू शकते, पोटातला व्रण असू शकतो, आतड्याचा आजारही असू शकतो.

• अंगावर वजन घेणारा व्यायाम करावा. ‘मी दिवसभर शेतातच असतो’ हे उत्तर आता पुरत नाही. फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरने होते, पाण्याची मोटार मोबाइलवरून चालू होते, द्राक्षबागेत जायला मोटारसायकल असते, आणि छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात. मालक बांधावर उभा राहून काम बघतो. उभं राहण्याने स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी हात न टेकता खुर्चीवरून दहा-पंधरा वेळा उठबस, भिंतीला हात लावून जोर, दोन्ही हातांत अर्ध्या भरलेल्या बादल्या घेऊन खळ्यात फेऱ्या, एवढं करावं. शिवाय रोज अर्धा तास चालणं. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

• झोपेची वाटणी करावी. रात्रीच्या पाळीला वीज आली की पाणी भरायला उठायचं काम अनेक घरांत अजून म्हाताराच करतो, कारण ‘त्याला तशीही झोप येत नाही’. ती पाळी मुलाने, पुतण्याने घ्यावी. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर प्रोस्टेट आणि साखर दोन्ही तपासावं. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा पेंगणं एकत्र असेल तर तो झोपेतल्या श्वासाचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे.

• लासलगाव-पिंपळगावला लिलावाला जाताना डबा न्यावा. ट्रॅक्टरच्या रांगेत सकाळ जाते आणि पोटात चहा-वड्याशिवाय काही नसतं. फुटाणे-शेंगदाणे, उकडलेली अंडी, दशम्या, पाण्याची बाटली पिशवीत असली की माणूस दुपारपर्यंत तग धरतो.

• मन दमलंय का, हेही विचारावं. छाटणीनंतर अवकाळी आला, कांद्याचा भाव पडला, कर्ज थकलं, की पुरुष रडत नाही, तो ‘अंगात जीव नाही’ म्हणतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नसेल, पहाटे जाग येऊन परत झोप लागत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत, मराठीतून बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार निघाला तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि फवारणीच्या औषधांची खोली कुलूपबंद ठेवावी.

काय टाळावे

• दिवसाला सहा-सात गोड चहा. एका कपात दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत साठ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना साधारण ५० ग्रॅमची कमाल मर्यादा सांगते आणि २५ ग्रॅमच्या आत राहणं चांगलं मानते. चहाने भूक मरते हे वेगळंच. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, म्हणून मध्ये तासाभराचं अंतर असावं. पाहुण्याला चहा विचारणं कुणी सोडणार नाही, पण अर्धा कप, कमी साखरेचा, एवढं तरी करता येईल.

• हंगामात द्राक्षांवर ताव मारणं. १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १६ ग्रॅम साखर असते. गोडी बघत बघत बागेतून एक फेरी झाली की घडभर द्राक्षं सहज पोटात जातात. मधुमेह्याने एका वेळी दहा-पंधरा मणीच खावेत, तेही जेवणानंतर लगेच नको. बेदाण्यात तर निम्म्याहून जास्त साखरच असते. तो ‘ताकदीचा’ म्हणून मूठमूठ खाऊ नये.

• एकादशीला दोन्ही वेळ साबुदाणा. त्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिरा बरा. मधुमेहाची गोळी तशीच घेऊन उपाशी राहिलं तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उपवास मोडून लगेच साखरपाणी घ्यावं.

• गुडघे-कंबर दुखते म्हणून रोज वेदनाशामक गोळी. तिच्यामुळे पोटात व्रण होऊन नकळत रक्त जातं, मूत्रपिंडं बिघडतात, रक्तदाब वाढतो, आणि दुखणं दबलं तरी थकवा वाढतो. शौचास डांबरासारखं काळं होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

• ‘ताकदीची’ चूर्णं आणि कुणीतरी टोचलेली इंजेक्शनं. पुरुषांतलं टेस्टोस्टेरॉन वयानुसार वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतं, हे नैसर्गिक आहे. तपासणीशिवाय ते बाहेरून घेऊ नये. बिनलेबलाच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवस तरतरी येते आणि मग साखर चढते, हाडं ठिसूळ होतात.

• साठीपुढच्या माणसाने फवारणीला उभं राहणं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर द्राक्षांवरच्या डाऊनी रोगाच्या धाकाने फवारण्या लागोपाठ होतात. फवारणीनंतर डोकं दुखणं, लाळ-घाम सुटणं, धूसर दिसणं ही विषबाधेची चिन्हं आहेत. त्याच हाताने तंबाखू मळणं तर अजिबात नको, आणि खरं म्हणजे तंबाखूच नको.

• डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या अंगाने बाहेर पडणं. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. चालायला ऊन पडल्यावर, कानटोपी-स्वेटर घालून जावं. शेकोटीपाशी बिडी ओढत बसू नये.

• अचानक आलेल्या दमण्याला वय समजणं. महिनाभरापूर्वी विहिरीपर्यंत सहज जाणारा माणूस आता वाटेत दोनदा थांबत असेल, पाय सुजत असतील, कारण नसताना वजन उतरत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. मधुमेह्याला हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ न येता नुसता घाम, धाप आणि गळून गेल्यासारखं होऊ शकतं. ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडा पिऊन पडून राहू नये. १०८ ला फोन करावा, आणि स्वतः मोटारसायकल चालवत दवाखान्यात निघू नये.