परिचारकांचे प्रशिक्षण आणि कर्मसिद्धी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे उपस्थात्याचे चार गुणही तेथेच सांगितले आहेत. आपली चर्चा बहुधा पहिल्या दोन पादांभोवतीच फिरते. पंचकर्म चिकित्सालयात मात्र रुग्णाच्या सान्निध्यात सर्वाधिक काळ असतो तो उपस्थाताच. त्याच्या प्रशिक्षणाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आमच्या चिकित्सालयातील एका परिचारिकेने दोन दिवसांची कार्यशाळा पूर्ण केली. लेखी परीक्षेत तिला उत्तम गुणही मिळाले. काही दिवसांतच निरूह बस्तीनंतर एका रुग्णास आध्मान व उदरशूल झाला. चौकशीअंती कळले, की बस्तिपुटकातील द्रव्य शेवटपर्यंत पिळले गेले होते. किंचित द्रव्य शेष ठेवावे, अन्यथा वायू आत शिरतो, हा नियम तिला मुखोद्गत होता; परंतु हाताला सराव नव्हता आणि बाहेर तीन रुग्ण खोळंबले होते. रुग्णास लवकरच उपशय मिळाला. दोष मात्र तिच्यापेक्षा आमच्या योजनेचा अधिक होता.

असे का घडते? बाल्डविन व फोर्ड यांनी १९८८ मध्ये केलेल्या मांडणीनुसार, शिकलेले प्रत्यक्ष कामात उतरणे तीन बाबींवर अवलंबून असते : शिकणारी व्यक्ती, प्रशिक्षणाची रचना आणि कामाच्या ठिकाणचे वातावरण. आपण पहिल्या बाबीला बोल लावतो व उरलेल्या दोन विसरतो.

रचनेविषयी सुश्रुताचार्यांचे मार्गदर्शन आजही उपयुक्त आहे. योग्यासूत्रीय अध्यायात छेदनाचा अभ्यास कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर, बंधनाचा वस्त्रादिकांच्या पुतळ्यावर, तर बस्तिपीडनाचा अभ्यास पाण्याने भरलेल्या घटाच्या पार्श्वछिद्रावर व भोपळ्याच्या मुखावर करावा, असे सांगितले आहे. बहुश्रुत असूनही ज्याने योग्या केली नाही तो कर्मास अयोग्य, हा त्यातील आशय आहे.

यावरून पुढील क्रम सुचवावासा वाटतो :

१) प्रशिक्षणापूर्वी कोणत्या कर्मात नेमकी कोणती चूक होते, याची नोंद करावी. सर्वांना सरसकट एकच पाठ देऊ नये.

२) व्याख्यान अल्प व योग्या अधिक असावी. एकाच दिवशी सर्व न शिकवता काही दिवसांच्या अंतराने पुनरावृत्ती करावी.

३) आरंभीची कर्मे वैद्याच्या उपस्थितीत व्हावीत आणि चूक त्याच वेळी, परंतु रुग्णासमक्ष न दुखावता, दाखवावी.

४) कर्मास लागणारा वेळ वेळापत्रकात राखून ठेवावा. घाई लादणारी व्यवस्था उत्तम प्रशिक्षणही निष्फळ करते.

मूल्यमापनासाठी कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पायऱ्या सोयीच्या आहेत : प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन व परिणाम. प्रशस्तिपत्र फार तर दुसऱ्या पायरीचा पुरावा होय. तीन महिन्यांनंतर परिचारक कर्म कसे करतो आणि व्यापदांच्या नोंदी घटल्या का, हे पाहिल्यावाचून प्रशिक्षण सफल झाले असे म्हणता येत नाही.

या क्रमाने परिचारकास आत्मविश्वास, संस्थेस कर्मातील एकसूत्रता व रुग्णास सुरक्षितता लाभते. चूक निर्भयपणे सांगता येईल असे वातावरण निर्माण करणे हे मात्र भिषकाचेच कर्तव्य आहे. कारण चतुष्पादात प्रधान स्थान त्याचे आहे.