लष्करी तळांची नावे आणि सन्मानाचा प्रश्न

बंगळूरमधील शिवाजीनगर हा गजबजलेल्या बाजारपेठांचा भाग पूर्वी ब्लॅकपल्ली या नावाने ओळखला जाई. १८०९ मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणहून आपली फौज हलवून बंगळूरला छावणी वसविली, आणि छावणीच्या आश्रयाने ही वस्ती वाढली. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत गेले, तरी छावणीचा प्रदेश इंग्रजांनी १९४७ पर्यंत आपल्याच अमलाखाली ठेवला. १९४८ मध्ये तेथील 'साउथ परेड' हा रस्ता महात्मा गांधी मार्ग झाला, आणि स्वातंत्र्योत्तर काळात ब्लॅकपल्लीचे शिवाजीनगर झाले. हे नाव तेथे उपरे नव्हते. सतराव्या शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती, आणि शिवाजी महाराजांच्या बालपणीचा काही काळ तेथे गेला होता.

अशा प्रत्येक वेळी एक आक्षेप घेतला जातो : नाव पुसणे म्हणजे इतिहास पुसणे होय. लष्करी तळांच्या बाबतीत हा आक्षेप विशेष बारकाईने तपासावा लागतो. तळाचे नाव सैनिक स्वतः निवडत नाही. पण त्या नावाखाली तो शिकतो आणि तेथूनच रणांगणावर जातो. म्हणून तळाला दिलेले नाव ही केवळ आठवण राहत नाही. तो राज्यसंस्थेने केलेला सन्मान असतो.

अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांनी १८६१ ते १८६५ या काळात संघराज्याशी युद्ध केले. तरीही पुढे दक्षिणेतील नऊ लष्करी तळांना त्याच बंडखोर पक्षाच्या सेनानींची नावे मिळाली. ही नावे युद्ध संपताच पडली नव्हती. दोन महायुद्धांच्या काळात छावण्या उभ्या राहिल्या तेव्हा ती दिली गेली, आणि त्या वेळी या राज्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले जात होते. आपल्या पूर्वजांना गुलाम ठेवण्यासाठी लढलेल्याच्या नावाखाली कृष्णवर्णीय सैनिकाने शिक्षण घ्यावे, अशी ही स्थिती होती. २०२१ च्या आरंभी अमेरिकी संसदेने अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून ही नावे बदलण्याचा कायदा केला, आणि २०२३ मध्ये नऊही तळांना नवी नावे मिळाली. २०२५ मध्ये जुनी नावे परत आली, पण वेगळ्या अर्थाने. कायद्याने बंडखोर सेनानींचा सन्मान करता येत नव्हता. म्हणून त्याच आडनावांचे दुसरे सैनिक शोधण्यात आले. 'फोर्ट ब्रॅग' आता दुसऱ्या महायुद्धातील रोलंड ब्रॅग यांच्या नावाने आहे. उच्चार तोच राहिला, सन्मानाचा धनी मात्र बदलला.

आपल्याकडे मुंबईच्या नाविक तळाचे नाव इंग्रजी अमदानीत 'डलहौसी' होते. डलहौसीच्या कारकिर्दीत, १८४८ मध्ये, साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १९५१ मध्ये हा तळ 'आंग्रे' झाला. ज्या कान्होजींना इंग्रज चाचा म्हणत, ते आता आरमाराचे मानकरी ठरले. घटना त्याच होत्या. त्यांच्याकडे कोणाच्या नजरेने पाहायचे, हे बदलले.

मात्र हाच न्याय आपण स्वतःलाही लावला पाहिजे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमचे नाव आता 'विजयदुर्ग' झाले असून त्याच्या 'सेंट जॉर्ज' दरवाजाला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले आहे. मराठी मनाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालमध्ये केलेल्या लुटीची आठवण तेथील लोकपरंपरेत 'बर्गी' या शब्दाने आजही जिवंत आहे. त्या स्वाऱ्या महाराजांच्या निधनानंतर साठ वर्षांनी झाल्या; त्यांचा दोष महाराजांकडे जात नाही. तरीही नाव देताना ते ऐकणाऱ्याची स्मृती विचारात घेणे हे सुजाणपणाचे लक्षण आहे.

२०२५ मध्ये बंगळूरच्या शिवाजीनगर मेट्रो स्थानकाला जवळच्या चर्चवरून सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस करण्याचे कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले, तेव्हा महाराष्ट्रातून तीव्र विरोध झाला. अशा वादात भावनेला स्थान असतेच. पण निर्णय मात्र तीन प्रश्न विचारून व्हावा. ज्याचा सन्मान होतो त्याने काय केले? नाव कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने दिले? त्या नावाखाली ज्यांना वावरायचे, त्यांचे मत विचारले होते काय?

या कसोटीवर काही जुनी नावे टिकतील, काही जातील. जी जातील त्यांची नोंद ग्रंथांत, दप्तरांत आणि जागेवरच्या फलकावर राहिली पाहिजे. ब्लॅकपल्ली हे नाव ज्याला ठाऊक आहे, त्यालाच शिवाजीनगर या नावाचा अर्थ पुरता कळतो.