प्रकल्प-नोंदींची अपूर्ण वगळणी : कारणे आणि निदान

नियोजनाच्या अभ्यासात प्रकल्पाची निवड, मंजुरी, त्यावरील खर्च आणि पूर्तता यांची चर्चा विपुल होते. रद्द झालेला प्रकल्प यादीतून कसा काढला जातो, हा प्रश्न मात्र लिपिकी कामाचा समजून बाजूला ठेवला जातो. प्रकल्पांची माहिती कागदी नोंदवहीत होती तोवर हे काही प्रमाणात क्षम्य होते. तांबड्या शाईने ओळ खोडली, शेजारी सही आणि दिनांक घातला की काम संपे. प्रकल्प व्यवस्थापनाच्या संगणकीय सर्व्हरवर मात्र एकाच प्रकल्पाची नोंद एकाच वेळी अनेक ठिकाणी असते. एका ठिकाणची नोंद गेली आणि दुसऱ्या ठिकाणची राहिली, तर तिला अपूर्ण वगळणी म्हणतात. हा दोष तांत्रिक असला तरी त्याचे परिणाम आर्थिक असतात.

समजा, एका खात्याकडे ४० प्रकल्प असून त्यांचा एकूण मंजूर खर्च १,२०० कोटी रुपये आहे. त्यांपैकी काम सुरूच न झालेला ६० कोटी रुपयांचा एक प्रकल्प रद्द करण्यात आला. उरलेल्या ३९ प्रकल्पांचा मंजूर खर्च १,१४० कोटी रुपये आणि त्यांवरील प्रत्यक्ष खर्च ५७० कोटी रुपये आहे, म्हणजे आर्थिक प्रगती ५० टक्के. परंतु मासिक अहवाल ज्या डेटाबेसमधून तयार होतो तेथे रद्द प्रकल्पाची नोंद तशीच राहिली असेल, तर भागाकारातील छेद १,२०० कोटींचाच राहतो आणि प्रगती ४७.५ टक्के दिसते. पुढे तोच प्रकल्प ७२ कोटी रुपयांच्या सुधारित खर्चासह नव्या संकेतांकाने दाखल झाला, तर योग्य बेरीज १,२१२ कोटी रुपये असताना अहवालात १,२७२ कोटी रुपये येतात. एका ओळीमुळे ६० कोटी रुपयांची वाढ कागदावर निर्माण होते. शिवाय त्या ओळीवर नेमलेला अभियंता सर्व्हरच्या दृष्टीने अजूनही कामात गुंतलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या प्रकल्पाला तो उपलब्ध नाही असे उत्तर मिळते.

केंद्र सरकारच्या पातळीवर सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय १५० कोटी रुपये व त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय क्षेत्रातील प्रकल्पांवर देखरेख ठेवते. त्यासाठी २००६ पासून वापरात असलेल्या ऑनलाइन संगणकीय देखरेख प्रणालीची जागा २०२५ मध्ये ‘पैमाना’ या पोर्टलने घेतली. अशा देखरेखीतून निघणारे खर्चवाढीचे व विलंबाचे आकडे संसदेत आणि वृत्तपत्रांत उद्धृत होतात. यादीत कोणते प्रकल्प मोजले गेले, हे ठरल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ येत नाही, ही बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी.

नोंद मागे का राहते?

आजचे बहुसंख्य प्रशासकीय डेटाबेस संबंधात्मक स्वरूपाचे आहेत. या रचनेची मांडणी आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये केली. तीत माहिती अनेक तक्त्यांत विभागलेली असते. प्रकल्पांचा एक तक्ता, त्यांतील कामांचा दुसरा, मनुष्यबळाच्या नेमणुकांचा तिसरा. प्रकल्पाचा संकेतांक या तक्त्यांना परस्परांशी जोडतो. मुख्य तक्त्यातील ओळ काढली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळी राहिल्या, तर त्या ‘अनाथ’ ठरतात, कारण त्या ज्या प्रकल्पाचा संकेतांक सांगतात तो प्रकल्पच अस्तित्वात नसतो. हे टाळण्यासाठी डेटाबेसमध्ये संदर्भ-अखंडतेचे नियम घालता येतात. अवलंबून ओळी शिल्लक असतील तर मूळ ओळ काढू न देणे, किंवा मूळ ओळीबरोबर त्याही आपोआप काढणे, असे हे नियम असतात.

दुसरे संरक्षण व्यवहार या संकल्पनेचे आहे. बँकेत एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या खात्यात जमा झाली नाही, तर पहिली कृतीही रद्द व्हावी लागते. अनेक कृतींचा हा संच एकतर पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही. अविभाज्यता, सुसंगती, पृथकता आणि टिकाऊपणा हे व्यवहाराचे चार गुण मानले जातात. १९८३ मध्ये त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ॲसिड’ हे नाव रूढ झाले. या क्षेत्रातील कार्यासाठी जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मग एवढी संरक्षणे असताना नोंद मागे राहतेच कशी? याचे उत्तर असे की, ही हमी सामान्यतः एका डेटाबेसच्या आत सहज मिळते. माहिती चार-पाच डेटाबेसमध्ये विखुरलेली असेल, तर सर्वांना एकाच क्षणी एकमत करायला लावणे शक्य असले तरी खर्चिक असते, कारण सर्वांत मंद घटकासाठी इतरांना थांबावे लागते. म्हणून अनेक प्रणाल्या तत्काळ अचूकतेऐवजी कालांतराने येणारी सुसंगती स्वीकारतात. आदेश रांगेत ठेवला जातो आणि एकेक टप्पा क्रमाने पार पडतो. ही निवड गैर नाही. परंतु तिची किंमत म्हणजे दोन टप्प्यांमधील अंतर, आणि अपूर्ण वगळणी त्याच अंतरात जन्म घेते.

एक प्रत्यक्ष रचना

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या प्रोजेक्ट सर्व्हर या प्रणालीचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. तिच्या २००७ व २०१० च्या आवृत्त्यांमध्ये चार स्वतंत्र डेटाबेस होते. प्रकल्प जतन केला की तो मसुदा डेटाबेसमध्ये जाई. प्रकाशित केला की प्रकाशित डेटाबेसमध्ये त्याची प्रत तयार होई. जुन्या आवृत्त्या संग्रह डेटाबेसमध्ये राहत आणि विश्लेषणासाठी अहवाल डेटाबेस असे. यांखेरीज प्रकल्पाचे दस्तऐवज व अडचणींची यादी शेअरपॉइंटच्या वेगळ्या संकेतस्थळावर ठेवलेली असे. २०१३ च्या आवृत्तीत हे चार डेटाबेस एकात आणले गेले, पण त्याच्या आत चार विभाग कायम राहिले.

वगळण्याचा आदेश देताना प्रशासकाला निवड करावी लागे. प्रकल्प मसुदा व प्रकाशित अशा दोन्ही ठिकाणांहून काढावयाचा की केवळ प्रकाशित डेटाबेसमधून? त्याच्याशी संलग्न शेअरपॉइंट संकेतस्थळही काढावयाचे का? संग्रहातील प्रती काढण्याची सोय वेगळी होती आणि कर्मचाऱ्यांनी भरलेल्या टाइमशीट काढण्याची त्याहून वेगळी. यावरून दिसते की, अपूर्ण वगळणीची कित्येक प्रकरणे बिघाडाची नसतातच. प्रणालीने सांगितले तेवढे केलेले असते. सांगणाऱ्याने कमी सांगितलेले असते.

निदानाचा क्रम

‘प्रकल्प अजून दिसतो’ अशी तक्रार आली की पहिला प्रश्न विचारावा : कोठे दिसतो? या एका प्रश्नाने निम्मे निदान होते. वेबवरील प्रकल्प-यादी प्रकाशित डेटाबेसवर आधारलेली असते. तेथून प्रकल्प गेला, पण नियोजकाच्या संगणकावर प्रकल्प उघडण्याच्या यादीत तो दिसतो, असे असेल तर मसुद्याची प्रत राहिली असण्याची शक्यता सर्वाधिक. तो एकाच व्यक्तीच्या संगणकावर दिसत असेल आणि शेजारच्या संगणकावर नसेल, तर सर्व्हरला दोष देण्याचे कारण नाही. त्या संगणकातील स्थानिक साठा, ज्याला कॅशे म्हणतात, जुना आहे आणि तो स्वच्छ केला की भागते. दोन्ही याद्यांतून प्रकल्प नाहीसा झाला, मात्र मासिक अहवालात त्याचे आकडे येतात, तर अहवाल डेटाबेसपर्यंत आदेश पोहोचलेला नाही.

या तिसऱ्या स्थितीत रांगेची तपासणी करावी लागते. प्रोजेक्ट सर्व्हरमध्ये प्रकल्प वगळण्याचे काम आणि अहवालातून तो वगळण्याचे काम ही रांगेतील दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले यशस्वी होऊन दुसरे फसू शकते. एकाच प्रकल्पाशी निगडित कामे एका साखळीत क्रमाने चालतात. मधले एखादे काम फसले आणि त्याची स्थिती ‘अडथळा ठरणारे अपयश’ अशी नोंदली गेली, तर त्यामागची सर्व कामे खोळंबतात. अशा वेळी पुनःपुन्हा वगळण्याचा आदेश देणे निरर्थक होय. प्रत्येक नवा आदेश त्याच तुंबलेल्या साखळीच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. अडलेल्या कामाचे कारण वाचून ते पुन्हा चालवणे किंवा रद्द करणे, आणि मगच पुढील आदेश देणे, हा योग्य क्रम आहे. आणखी एक साधी शक्यताही तपासावी. रांग चालवणारी सेवाच बंद असेल, तर सर्व प्रकल्पांची सर्व कामे ‘प्रतीक्षेत’ दिसतात. असे दिसल्यास एका प्रकल्पाच्या नोंदींत दोष शोधत बसू नये.

अपयशाची कारणे बहुधा परिचित असतात. प्रकल्प कोणा कर्मचाऱ्याने संपादनासाठी स्वतःकडे घेतलेला असतो, तो परत केल्याशिवाय प्रणाली त्याला हात लावू देत नाही. तो कर्मचारी बदलून गेला असेल, तर प्रशासकाला सक्तीने प्रकल्प परत घेण्याचा अधिकार वापरावा लागतो. शासकीय कार्यालयांतील बदल्यांचे प्रमाण पाहता या कारणाला अग्रक्रम द्यावा. शेअरपॉइंट संकेतस्थळ आधीच कोणी हाताने काढून टाकलेले असणे किंवा वगळणाऱ्या खात्याला तेथे पुरेसे अधिकार नसणे, हीही कारणे आढळतात.

रांग मोकळी होऊनही अहवालातील नोंद जात नसेल, तर अहवाल डेटाबेस मूळ माहितीवरून नव्याने भरून घेता येतो. २००७ व २०१० च्या आवृत्त्यांत संस्थेच्या सानुकूल रकान्यांची प्रत काढून ती पुनःस्थापित केली की ही पुनर्भरणी सुरू होई. तिला मोठ्या संस्थांत बराच वेळ लागे, म्हणून ती कार्यालयीन वेळेनंतर करणे श्रेयस्कर असे.

तक्त्यात जाऊन उरलेली ओळ थेट आदेशाने काढून टाकण्याचा मोह येथे प्रबळ असतो. तो आवरावा. मसुदा, प्रकाशित आणि संग्रह यांच्या तक्त्यांत असा थेट हस्तक्षेप उत्पादक कंपनीला मान्य नव्हता, आणि त्यामागे सबळ कारण आहे. एक ओळ काढणाऱ्याला तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व ओळी ठाऊक असतातच असे नाही. अपूर्ण वगळणी दुरुस्त करण्याच्या प्रयत्नात अधिक अपूर्ण वगळणी घडते, आणि या वेळी तिची नोंद रांगेतही राहत नाही.

वगळणेच योग्य होते का?

निदानाइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वरील उदाहरणात रद्द प्रकल्पावर काहीही खर्च झालेला नव्हता. पण सर्वेक्षण आणि भूसंपादन यांवर ६ कोटी रुपये खर्च होऊन गेल्यावर तो रद्द झाला असता, तर नोंद पूर्णपणे पुसणे हीच चूक ठरली असती. तो बुडीत खर्च पुढील निर्णयासाठी गैरलागू असतो, हे अर्थशास्त्राचे सूत्र खरे. परंतु लेखापरीक्षणासाठी तो गैरलागू होत नाही. असा प्रकल्प वगळावयाचा नसून ‘बंद’ या स्थितीत न्यावयाचा असतो, म्हणजे चालू प्रकल्पांच्या बेरजेतून तो बाहेर पडतो आणि इतिहासात राहतो. कर्मचाऱ्यांची टाइमशीट प्रकल्पाबरोबर आपोआप नष्ट होत नसे, यामागील विवेकही हाच. काम रद्द झाले तरी त्यावर घालवलेले तास आणि दिलेले वेतन रद्द होत नाही.

कायद्याची बाजूही दुहेरी आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मधील अभिलेखाच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेले साहित्य समाविष्ट आहे. विहित पद्धतीखेरीज सार्वजनिक अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद त्यात आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध व सुव्यवस्थित ठेवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. उलट बाजूस, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १२ मध्ये व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क दिलेला आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरवण्यात आली. प्रकल्पाच्या नोंदीत कंत्राटी कर्मचाऱ्याचे नाव, दूरध्वनी आणि मोबदला असतो. मुख्य तक्त्यातून तो पुसला, पण संग्रहातील प्रतीत राहिला, तर त्याला पुसणे म्हणता येणार नाही. एक कायदा घाईने पुसण्यास मनाई करतो, तर दुसरा अर्धवट पुसण्यास. म्हणून प्रकल्पाचा आर्थिक इतिहास आणि त्यातील व्यक्तींची माहिती यांच्या जतनाची मुदत एकाच नियमाने ठरवता येत नाही.

राहता राहिला सुरक्षा-प्रतींचा प्रश्न. सर्व्हर बंद पडल्यास पुनःस्थापनेसाठी नियमित प्रती काढल्या जातात. १० तारखेला काढलेल्या प्रतीत १५ तारखेला वगळलेला प्रकल्प असतोच. २० तारखेला बिघाड होऊन ती प्रत वापरावी लागली, तर वगळलेला प्रकल्प कोणाच्याही आदेशाविना परत येतो, आणि तोही चारही ठिकाणी पूर्णपणे. येथे रांगेत दोष सापडणार नाही, कारण दोष झालेलाच नाही. यावर उपाय म्हणजे वगळलेल्या संकेतांकांची दिनांकासह नोंदवही सर्व्हरच्या बाहेर ठेवणे आणि प्रत्येक पुनःस्थापनेनंतर १० तारखेपुढील वगळण्या तिच्यावरून पुन्हा अमलात आणणे. त्या नोंदवहीत प्रकल्पाचा संकेतांक, मंजूर रक्कम, रद्द करणाऱ्या आदेशाचा क्रमांक आणि वगळण्यापूर्वीची व नंतरची एकूण बेरीज एवढे रकाने पुरतात.