कसुतीची उलटी बाजू

नाताळच्या सुट्टीआधी आपल्या महाविद्यालयात हस्तकलेचं प्रदर्शन आहे. त्यासाठी मी कसुतीचे तीन तुकडे भरते आहे. दोन झालेत, तिसऱ्यातलं तुळशीवृंदावन अजून अर्धंच आहे. "काचेच्या चौकटीत बसवूया ना?" असं बैठकीत विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. का नको, ते सांगायचं तर आधी टाका समजून घ्यावा लागेल.

कसुती मूळ धारवाड भागातली. 'कै' म्हणजे हात आणि 'सूती' म्हणजे सूत, अशी या कन्नड शब्दाची फोड सांगतात. आपल्या बेळगावात कुणाच्या तरी कपाटात एखादी काळी चंद्रकळा किंवा इरकल असतेच. तिच्यावरचे हत्ती, पोपट, रथ, पालख्या तुम्ही पाहिल्या असतील. टाके चार. मेंथी हा फुलीचा टाका, नेगी विणल्यासारखा दिसणारा, मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी तिरका चढणारा. चौथा गावंती. माझं सगळं काम त्याच्यावरच आहे.

गावंतीत कापडावर नक्षी छापायची नाही आणि दोऱ्याला गाठ मारायची नाही. कापडाचे धागे मोजायचे, बस. मी चार धाग्यांवरून सुई नेते, पुढच्या चार धाग्यांखालून काढते. हा झाला साधा धावदोरा. ओळ संपली की त्याच वाटेनं मागं यायचं. जाताना जिथं मोकळी जागा सुटली, तिथं येताना टाका पडतो. रेघ अखंड होते, आणि कापड उलटं केलं तरी तशीच अखंड दिसते. युरोपात अशाच टाक्याला होलबाइन टाका म्हणतात. हान्स होलबाइन या चित्रकारानं १६व्या शतकात काढलेल्या व्यक्तिचित्रांत बाह्यांच्या कडांवर असं भरतकाम दिसतं, म्हणून ते नाव.

सरळ रेघ कुणालाही जमेल. पण वृंदावनाला पायऱ्या आहेत, कोनाडे आहेत, वर तुळशीच्या डहाळ्या आहेत. तिथं नियम एकच: डहाळी लागली की आधी तिच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, मगच मुख्य रेघेवर पुढं सरकायचं. समजा डहाळी तीन टाक्यांची आहे. जाताना वर, खाली, वर; येताना खाली, वर, खाली. जाऊन-येऊन टाके नेहमी समसंख्येतच होतात, म्हणून मुख्य रेघेचा वर-खालीचा क्रम मोडत नाही. (गणिताच्या सरांना हे दाखवलं, तर ते वही घेऊनच बसले.) मात्र डहाळी "नंतर बघू" म्हणून सोडली की तिच्यासाठी नवा दोरा घ्यावा लागतो आणि पाठीवर त्याचं शेपूट लपवत बसावं लागतं.

आणि मोजणी चुकली तर? माझी चुकली. वृंदावनाच्या दुसऱ्या पायरीला एका ठिकाणी चाराऐवजी पाच धागे घेतले. तिथं काहीच दिसलं नाही. तीन संध्याकाळी वर चढत गेले, आणि माथ्यावर डावी-उजवी बाजू जुळवताना एका धाग्याचं अंतर उरलं. ओढून जुळवता आलं असतं. चौकटीतून कुणाला कळलंही नसतं. दोन दिवस तुकडा तसाच घडी करून ठेवला. मग सगळं उसवलं. उसवल्यावर काळ्या कापडावर लाल दोऱ्याचे तंतू राहिले, ते चिमट्यानं वेचले.

हे मी शिकले मामींकडून. त्यांचं माहेर धारवाडचं, मराठी सासरी आल्यावर शिकल्या. मी पहिला पोपट भरून नेला आणि म्हटलं, "मामी, बघा की!" त्यांनी पोपटाकडं बघितलंच नाही. "उलटं कर बघू," म्हणाल्या. पाठीवर माझ्या गाठी होत्या.

आता त्यांना मोतीबिंदूमुळं बारीक काम दिसत नाही. त्या कापड दोन बोटांमध्ये धरतात आणि एक बोट वरून, एक खालून फिरवतात. गाठ कुठं आहे, दोरा कुठं उडी मारून गेलाय, ते त्यांना बोटांनीच कळतं.

शेवटी असं ठरलंय की तुकडे भिंतीला लावायचे नाहीत. सभागृहाच्या मधोमध दोरीवर टांगायचे, म्हणजे लोकांना दोन्हीकडून फिरून बघता येईल. हात लावायला परवानगी असावी की नसावी, यावर मंडळात अजून वाद चालू आहे. तारीख कळवायला मी मामींना फोन केला. प्रदर्शन केवढं, किती जण येणार, काही विचारलं नाही त्यांनी.

"काच नाही ना?" एवढंच म्हणाल्या.