पुन्हा प्यायलो, आता चर्चला कसा जाऊ?

प्रश्न : वर्षभर सुटलेली दारू पुन्हा सुरू झाली. फादरांसमोर जायची लाज वाटते.
– एक वाचक, साक्कोट्टै (कुंभकोणम)

उत्तर : जा, आणि खरं तेच सांगा. पेत्राने येशूला 3 वेळा नाकारलं, तरी कळप राखायचं काम त्यालाच मिळालं. पुन्हा पिणं हा व्यसनाच्या आजारात वारंवार येणारा टप्पा आहे. म्हणजे श्रद्धा कमी पडली असं समजू नका.

मात्र रोज पीत असाल तर नवस बोलून एकदम थांबू नका. पहिल्या 2-3 दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ते जिवावरही बेततं. आधी डॉक्टर, मग वेलंकन्नीची पायी यात्रा खुशाल करा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेलाही जा. घसरलेल्याला तिथे कुणी हाकलत नाही. आज रात्री तल्लफ आली तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे.